अँटेना उभारा, पण आधी तार बघा!

वाचकहो, आमच्या वाडीतल्या विहाराच्या पत्र्यावर एक अँटेना उभा आहे. दिसायला अगदी किरकोळ. वहीएवढी पांढरी पेटी, तिच्याखाली आठ फुटांचा जस्ती पाइप आणि तीन बाजूंना ताणलेल्या तारा. संध्याकाळी सात वाजले की त्याच्याखाली वाडीतली पोरं दप्तरं घेऊन बसतात. कुणी स्पर्धा परीक्षेचे प्रश्न सोडवतो, कुणाला शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असतो. हा अँटेना उभारताना आमच्यासकट चार माणसं मरता मरता वाचली, ती हकीकत आज सांगायची आहे. आपल्या किनाऱ्यावर वाडीवाडीत आता असे दांडे उभे राहू लागले आहेत आणि ते उभारणारी माणसं आपलीच आहेत.

आमची वाडी रेवदंड्याकडून मुरुडकडे जाताना लागते. पुढे समुद्र, मागे फणसाडचा डोंगर आणि मधे माड-पोफळीची दाटी. मोबाइलचा टॉवर डोंगराच्या पलीकडच्या अंगाला. लहरी सरळ रेषेत चालतात. वाटेत डोंगराचं नाक आलं की अडतात, पावसात भिजलेल्या झावळ्यांत मुरतात, आणि पत्र्याच्या छपरावर आपटून परत फिरतात. म्हणून घरात रेंज नाही आणि बांधावर उभं राहिलं तर आहे, असा प्रकार. २०२० साली शाळा बंद झाल्या, शिक्षण मोबाइलवर आलं, तेव्हा आमच्या पोरी टेकडीवरच्या कातळावर छत्री धरून बसत. त्यातच ३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं. ताशी ११० ते १२० किलोमीटरचा वारा. मुरुड, श्रीवर्धन, म्हसळा भागात विजेचे खांब आडवे झाले, फोन मुके झाले. मुंबईतल्या माणसांना आपल्या घरचे जिवंत आहेत की नाहीत हे कळेना. ते दिवस ज्यांनी काढले त्यांना ‘रेंज’ ही चैनीची वस्तू वाटत नाही.

तेव्हा वर्गणी काढून आम्ही अँटेना आणला. माशाच्या काट्यासारखा, लांब दातांचा. आमच्या पिढीला तो ओळखीचा. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं आणि पुढे गावोगाव पत्र्यावर असेच काटे उगवले. एकानं वर चढून फिरवायचं, दुसऱ्यानं खालून “आलं, आलं, गेलं!” असं ओरडायचं. त्या अनुभवावर आम्ही फुशारलो. जितका उंच तितका बरा, असं ठरवून वीस फुटी लोखंडी पाइप आणला आणि रविवारी सकाळी चौघं विहाराच्या पत्र्यावर चढलो.

पाइप उभा करताना त्याचं बूड घसरलं. वरचं टोक हेलकावे खात विजेच्या तारेकडे झुकलं. ती तार आमच्यापासून दहा फुटांवर होती आणि पाइप वीस फुटांचा. बी. कॉम. झालेल्या माणसाला एवढी वजाबाकी करता येऊ नये! आम्ही तर पाइप आणखी घट्ट धरला. खाली वाडीतले एक निवृत्त वायरमन काका उभे होते. ते ओरडले, “सोडा! हात सोडा!” आम्ही सोडला. पाइप तारेपासून हातभर अंतरावरून खाली गेला आणि कुंपणावर आदळला. नंतर बराच वेळ कुणी बोललं नाही.

काकांनी मग जे सांगितलं ते वाचकांनी घरात सगळ्यांना वाचून दाखवावं. दांडा आणि अँटेना मिळून जेवढी उंची होते, तिच्या दीडपट अंतरात कुठलीही विजेची तार नको. जमल्यास दुप्पट सोडावं. वीस फुटी दांडा असेल तर तीस-चाळीस फूट मोकळे हवेत. दांडा पडू लागला तर त्याला सावरायला जाऊ नये, सोडून बाजूला व्हावं. अँटेना नवा मिळतो. बांबूला वीज लागत नाही हाही भ्रम आहे. ओला बांबू वीज वाहून नेतो. पाइप तारेला टेकलाच तर कुणी जवळ जाऊ नये, माणूस चिकटला असेल तरी त्याला हात लावू नये. घरातली तार असेल तर मेन स्विच पाडावा. रस्त्यावरची असेल तर लांब राहून १९१२ या नंबरवर वीज कंपनीला कळवून पुरवठा बंद करवावा. आईबापांना हे ऐकायला कठीण आहे, पण एकाला वाचवायला धावून दोघं-तिघं गेल्याच्या घटना वीज-अपघातांत नेहमीच्या आहेत.

पुढच्या आठवड्यात तो काटा विहाराच्या मागच्या कोपऱ्यात, तारेपासून लांब लावला. रेंज मात्र यथातथाच! हे कोडं सुटलं ते जमाखर्चाच्या भाषेत. अँटेना वरून लहर जमा करतो आणि केबल ती खाली आणताना खर्च करते. आमची केबल पेन्सिलीहून बारीक आणि पंधरा मीटर लांब. मोबाइलच्या वरच्या लहरींवर अशा केबलीत मीटरमागे साधारण एक डेसिबल गळतं. दहा डेसिबल गेले की दहातला एकच हिस्सा उरतो, पंधरा गेले की शंभर रुपयांतले तीन रुपये हाती येतात. म्हणजे उंचीनं जे कमावलं ते आम्ही केबलीत घालवत होतो. जाड केबल घेतली तर गळती पाचव्या हिश्श्यावर येते, पण ती महाग.

अखेर सिमकार्ड पोटात बसणारी, घराबाहेर लावायची पेटी आणली. तिच्यात अँटेना आणि राउटर दोन्ही एकत्र. खाली येते ती नेटवर्कची साधी वायर. तिच्यातून शंभर मीटरपर्यंत माहिती नीट जाते आणि त्याच वायरीतून पेटीला कमी दाबाची वीजही मिळते. दांडा वीस फुटांचा आठ फुटांवर आला. जागा शोधायला एक सबंध संध्याकाळ दिली. मोबाइलच्या सेटिंगमध्ये सिग्नलचा आकडा दिसतो, तो वजा असतो. वजा ८० चांगला, वजा ११० म्हणजे रडकथा. फोन घेऊन छपराच्या चारी कोपऱ्यांत हिंडलो आणि आकडे वहीत मांडले. हातभर सरकलं तरी आकडा बदलतो, कारण १८०० मेगाहर्ट्झची लहर जेमतेम सतरा सेंटिमीटरची, वीतभरच म्हणा ना. पेटी थोडी थोडी फिरवायची, मिनिटभर थांबायचं, आकडा लिहायचा. घाई करणाऱ्याला इथे काही मिळत नाही.

बाजारात ‘बूस्टर’ म्हणून एक यंत्र मिळतं, ते मात्र घेऊ नका. मोबाइलची लहर वाढवून पुन्हा हवेत सोडणारं यंत्र परवानगीशिवाय लावणं बेकायदा आहे. शिवाय त्यानं टॉवरचाच गोंधळ होतो आणि शेजारच्या दहा घरांचे फोन तुटतात. आपल्या घरात दिवा लागावा म्हणून गल्लीचा दिवा फोडण्यातला प्रकार. पेटीतून घरात पसरणाऱ्या वायफायला मात्र वेगळा परवाना लागत नाही.

आता वारा आणि वीज. वाऱ्याचा वेग तिप्पट झाला की जोर नऊपट होतो. म्हणून ताशी चाळीसच्या वाऱ्यात ठाम उभा असलेला दांडा निसर्गसारख्या वादळात टिकेलच असं नाही. जाळीचा मोठा ताटासारखा अँटेना आमच्या किनाऱ्यावर लावूच नये, तो शिडासारखा वारा धरतो. दांडा कौलाच्या वाशाला नको, चिऱ्याच्या भक्कम भिंतीला पट्ट्यांनी आवळावा. माडालाही बांधू नये. माड डोलतो आणि वीजही त्याच्यावरच पडते. आमच्या ताईंना एक विनंती: त्या दांड्याला कपडे वाळत घालायची तार बांधू नका. आमच्याकडे बांधली होती. ओल्या चादरींनी दांडा वाकवला, आणि विजेच्या दिवसांत तीच तार थेट अंगणात वीज घेऊन येऊ शकते.

दांड्याला अर्थिंग हवंच. ते परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावं. वायर जाड, शक्य तितकी सरळ आणि आखूड हवी, आणि ती घराच्या अर्थिंगलाही जोडलेली हवी. जांभ्याचा कातळ कोरडा असतो, त्यात अर्थिंग नीट लागत नाही. म्हणून मोरीच्या पाण्याजवळची ओलसर जागा बघावी. अर्थिंग केलं म्हणजे वीज पडणारच नाही असं नव्हे. जूनच्या तोंडावर आणि परतीच्या पावसात गडगडाट सुरू झाला की राउटरचा प्लग काढायचा आणि नेटवर्कची वायरही उपसायची. हे ढग डोक्यावर येण्याआधी. पुण्याच्या हवामान संस्थेनं काढलेलं ‘दामिनी’ हे अॅप विजेची सूचना देतं, ते घरातल्या एका तरी फोनवर असावं. गडगडाटात छपरावर कुणीही चढायचं नाही, कितीही महत्त्वाचा अर्ज अडला असला तरी.

छपरावर चढताना रबरी तळव्याची चप्पल घाला, शिडी धरायला खाली एक माणूस ठेवा, आणि पत्र्यावर पाय टाकायचा तो खिळ्यांच्या रेषेवरच. मधला पत्रा दगा देतो. पावसाळ्यात शेवाळ धरलेल्या पत्र्यावर तर अजिबात नको.

खारा वारा साध्या लोखंडाला वर्ष-दोन वर्षांत खातो. जस्ती पाइप आणि न गंजणारे नट-बोल्ट घ्यावेत. वायरीच्या सांध्यांवर रबरी टेप गुंडाळावी, नाहीतर आत हिरवा गंज धरतो. वायर घरात शिरते त्याच्याआधी तिला खाली एक वळसा ठेवावा, म्हणजे पावसाचं पाणी तिथंच ठिबकतं, घरात येत नाही. आम्ही दरवर्षी मे महिन्यात आणि पाऊस सरल्यावर असे दोनदा वर जाऊन नट तपासतो. गेल्या खेपेला दोन नट गंजलेले निघाले आणि एका ताणाच्या तारेला कावळ्यानं घरट्यासाठी आणलेल्या लोखंडी काड्या अडकल्या होत्या. नट बदलले, काड्या काढल्या. वायरमन काका खाली उभे राहून अजूनही ओरडत असतात.