निवडणूक हवीच, पण पावतीचा हिशेबही

पैठण रोडवरची सकाळची एसटी चितेगावात येते तेव्हा ती बिडकीनलाच भरलेली असते. दारात उभं राहायचं, दप्तर पुढे घ्यायचं, नक्षत्रवाडी मागे टाकून महानुभाव आश्रम चौक गाठायचा. तोवर पहिलं लेक्चर निम्मं झालेलं असतं. हे सगळं तुमच्या ओळखीचं आहे. आता एक सांगा, या रोजच्या उशिराबद्दल कॉलेजात बोलायचं कुणी? तुमच्या वर्गाचा सीआर कोण आहे, आणि त्याला निवडलं कुणी?

आमच्या वेळी सीआर म्हणजे आदल्या परीक्षेत पहिला आलेला. बिचारा अभ्यासू मुलगा. आपण सीआर आहोत हे त्याला गॅदरिंगच्या पत्रिकेत नाव छापून आल्यावर कळलं! यात त्याचा दोष नव्हता, कायदाच तसा होता. १९८९ साली मुंबईत कॉलेज निवडणुकीच्या वादातून एका विद्यार्थ्याचा खून झाला आणि पुढे १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका बंद करून गुणवत्तेवर नेमणुका सुरू केल्या. आपल्या विद्यापीठाचा नामविस्तार झाला तोही १९९४ सालीच. ज्या मराठवाड्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरून इतकी वर्षं लढले, तिथल्या पोरांना त्याच वर्षी मतपेटीपासून लांब ठेवलं गेलं.

मग २०१६ चा नवा कायदा आला. त्यात वर्गप्रतिनिधी, अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी, राखीव प्रवर्गाचा प्रतिनिधी, सगळं आहे, आणि तेही मतदानाने. २०१९ ला वेळापत्रकसुद्धा जाहीर झालं. पण विधानसभा निवडणूक आली म्हणून ते पुढे ढकललं, त्यावर कोरोना आला, आणि नंतर नुसतीच चर्चा. गंमत बघा, २०२२ मध्ये याच विद्यापीठाच्या अधिसभेसाठी पदवीधरांनी मतदान करून आपले १० प्रतिनिधी निवडले. म्हणजे शिकून बाहेर पडलेल्याला मत आहे, आणि आज फी भरून वर्गात बसलेल्याला नाही.

तेव्हा निवडणूक मागायचीच. पण ती आली की सगळं सुटेल असं समजू नका. लिंगडोह समितीच्या नियमांप्रमाणे उमेदवाराने प्रचारावर ५,००० रुपयांच्या आत खर्च करायचा आणि निकालानंतर दोन आठवड्यांत त्याचा तपासलेला हिशेब द्यायचा. चांगलंच आहे. पण निवडून आल्यावर वर्षभर काय केलं, याचा हिशेब? तुमची ॲडमिशनची पावती काढून बघा. जिमखाना, विद्यार्थी कल्याण, स्नेहसंमेलन, असे हेड दिसतील; नावं कॉलेजागणिक बदलतात. एकेक रक्कम छोटी वाटते, पण तिला कॉलेजातल्या एकूण डोक्यांनी गुणा. हा पैसा कशावर गेला, हे मी तीन वर्षांत एकदाही नोटीस बोर्डावर वाचलं नाही. विद्यापीठाच्या विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष कायद्याने अधिसभेत बसतो, जिथे विद्यापीठाचं अंदाजपत्रक मांडलं जातं. तिथे तो काय बोलला, कुठल्या खर्चावर प्रश्न विचारला, हे चितेगावच्या स्टॉपवर उभ्या असलेल्या पोरीला कळायला नको? बैठकीचं इतिवृत्त मराठीत, आठवड्याच्या आत वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला पैसे लागत नाहीत.

‘निवडणूक आली की मारामाऱ्या येणार,’ असं घरचे आणि सरही म्हणतात. ती भीती खोटी नाही. पण मारामारी होते ती फ्लेक्सवरच्या फोटोसाठी. पद म्हणजे दर सत्राला जमाखर्च लावणं, बैठकीला हजर राहणं, आणि सलग गैरहजर राहिलास तर वर्ग तुला काढू शकतो, असं असेल तर फोटोवाले आपसूक कमी होतील.

एक अडचण मात्र मला जास्त टोचते. लिंगडोहच्या अटींत ७५ टक्के हजेरी लागते आणि त्या वर्षी एटीकेटी चालत नाही. अट वाचायला बरी वाटते. पण कंपनीत रात्रपाळी करून सकाळी थेट कॉलेजला येणाऱ्या पोराची हजेरी कितीशी भरणार? कॉलेजचा त्रास ज्याला सगळ्यात जास्त, तोच उभा राहू शकत नाही. हजेरीची अट नकोच, असं मी म्हणत नाही. पण कमवून शिकणाऱ्यांसाठी ती सैल करायला हवी, आणि अप-डाऊन करणाऱ्यांना परिषदेत एक हक्काची जागा हवी. ही मागणी निवडणुकीआधीच लेखी द्या. निवडून आल्यावर कोण कुणाचं ऐकतं?

आणि उद्या कुणी मत मागायला वर्गात आलंच, तर आधी एवढंच विचारा: परिषदेची बैठक किती वाजता ठेवणार? संध्याकाळी सहाला म्हणाला, तर त्याला सांगा, तोवर आमची एसटी गेलेली असते.