निवड नेमकी कोणाची?

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, तेव्हा या विषयाचा उच्चारही सभ्य समाजास मानवत नव्हता. कर्व्यांना त्यापायी प्राध्यापकी सोडावी लागली. १९५२ पासून हाच विषय सरकारी कार्यक्रम झाला आणि भिंतीभिंतींवर लाल त्रिकोण उमटला. संकोच सरला, असे यावरून कोणी म्हणेल. आकडे मात्र निराळेच सांगतात.

२०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८ टक्के स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली होती. निरोध वापरणारी जोडपी साडेनऊ टक्के, गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया पाच टक्के, तांबी बसविलेल्या दोन टक्के. आणि पुरुषाच्या नसबंदीवर विसंबलेली जोडपी अवघी ०.३ टक्के! याला निवड म्हणावयाचे काय?

शस्त्रक्रिया वाईट, असे आमचे म्हणणे नाही. कुटुंब पुरे झालेल्या, विचारपूर्वक निर्णय घेतलेल्या जोडप्याला ती सोयीचीच आहे. पण पंचविशीच्या आत दोन बाळंतपणे उरकून थेट शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाणाऱ्या स्त्रीला मधल्या काळात पाळणा लांबविण्याचे एकही साधन कोणी समजावून दिलेले नसते. जो उपाय सर्वांत शेवटी यावा, तोच तिच्या वाट्यास पहिला येतो.

वास्तविक, साधन प्रकृती आणि परिस्थिती पाहून ठरवावयाचे असते. नेहमीच्या मिश्र संप्रेरकांच्या गोळ्या रक्तदाब वाढलेल्या किंवा पस्तिशीनंतरही धूम्रपान करणाऱ्या स्त्रीला वर्ज्य. बाळंतपणानंतर अंगावर पाजणाऱ्या मातेलाही त्या प्रारंभीच्या काळात देत नाहीत. तांबी दहा वर्षांपर्यंत काम देते आणि हवी तेव्हा काढता येते; पण तिने पाळीतील रक्तस्राव वाढतो. निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाने ग्रासलेल्या असताना ती बसविण्यापूर्वी रक्त तपासावे, ही अपेक्षा अवाजवी नव्हे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेली, संप्रेरक नसलेली गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे एकदाच घ्यावी लागते. ‘छाया’ या नावाने ती सरकारी योजनेत आली. तरी सुशिक्षित घरांतूनही किती जणींना ती ठाऊक आहे? निरोध गुप्तरोगांपासूनही रक्षण करतो. हा गुण अन्य कोणत्याही प्रचलित साधनात नाही.

आता पुरुषांविषयी. त्यांची शस्त्रक्रिया स्त्रीच्या शस्त्रक्रियेहून सोपी. पोट उघडावे लागत नाही, तेवढाच भाग बधिर केला की काम भागते आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. मात्र तिचा परिणाम तत्काळ होत नाही. सुमारे तीन महिने अन्य साधन वापरून, नंतर वीर्यतपासणी करून मगच निश्चिंत व्हावयाचे असते. हे कोणी नीट न सांगितल्यामुळे मध्यंतरी गर्भ राहिला, तर संशय मात्र पत्नीच्या चारित्र्यावर येतो.

पुरुष मागे का सरला, याचे एक उत्तर आणीबाणीत आहे. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या व त्यांतील बहुसंख्य पुरुषांच्या होत्या. ‘केसेस’ आणण्याचे काम अनेक ठिकाणी शाळामास्तर व कारकून यांच्या गळ्यात पडले होते. त्या पिढीतील वाचकांस ते वेगळे सांगावयास नको. पुढे सरकारने पुरुषाला सोडले, पण उद्दिष्टाचा सोस सोडला नाही. तो भार स्त्रीवर आला. २०१४ च्या नोव्हेंबरात बिलासपूर जिल्ह्यातील एका शिबिरात एकाच दिवशी ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यानंतर डझनाहून अधिक स्त्रिया दगावल्या. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याविषयी सांगितले, ते उगीच नव्हे.

शिबिरे थांबवून भागणार नाही. आरोग्य केंद्रात परिचारिकेला प्रत्येक जोडप्यासाठी वीस मिनिटे मिळाली पाहिजेत, आणि त्या वीस मिनिटांत नवरा बाहेर विडी ओढत उभा न राहता आत बाकावर बसलेला असला पाहिजे. साधनांची नावे, त्यांचे त्रास आणि ती सोडण्याची मुभा, हे सारे दोघांच्या कानांवर एकाच वेळी पडावे.