सातबारावर नसलेला बोजा

गेल्या शनिवारी मामांकडे गेलो होतो, पुलाची शिरोलीला. मामा शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत तीस वर्षं मोल्डर होते. रिटायर झाल्यावर जवळच दोन गुंठ्यांचा प्लॉट घेतला. पाण्याच्या टाकीसाठी खड्डा काढायचा होता, म्हणून मीही गंमत बघायला उभा राहिलो.

दोन फुटांवर मातीच संपली! खाली नुसती काळी वाळू, मधेमधे स्लॅगचे तुकडे. मी म्हटलं, "फाउंड्रीची वाळू दिसतेय." मामांनी एक ढेकूळ उचललं, बोटांनी चुरडलं, नाकाला लावलं. "ही ग्रीन सँड न्हवं रं. कोअरची हाय, रेझिनची. बघ, ढेकळं कशी घट्ट धरल्यात." मग जरा थांबून म्हणाले, "आमीच टाकली आसंल की!"

आता थोडं तांत्रिक. ग्रीन सँड नावालाच ग्रीन. सिलिका वाळू, बेंटोनाइट, कोळशाची पूड आणि पाणी, रंग काळाकुट्ट. कास्टिंगच्या आतली पोकळी घडवायला जो कोअर लागतो, त्यात बऱ्याचदा वाळू फिनॉलिक किंवा तसल्याच रेझिनने बांधतात. दोन्ही काळ्या दिसतात, पण दोन्ही सारख्या नाहीत. पितळेच्या भट्टीची वाळू असेल तर शिसं, तांबं, जस्त अशी मंडळीही सोबत येतात. उलट अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०१४ साली लोखंड, स्टील आणि अॅल्युमिनियमच्या फाउंड्रीची सिलिका वाळू रस्त्याच्या भरावात आणि तयार मातीच्या मिश्रणात वापरायला हरकत नाही, असा निष्कर्ष काढला होता. म्हणजे काळी वाळू दिसली की विष, असं नाही. आणि काळी वाळू दिसली की "काय हुतंय त्याला", असंही नाही. कुठल्या भट्टीची, कुठल्या रेझिनची, किती खोल... हे कळल्याशिवाय दोन्ही वाक्यं फुकाची.

गंमत अशी की मामांनी प्लॉट घेताना सातबारा तीनदा तपासला होता. सोसायटीचा बोजा नाही, बँकेचा नाही, कूळ नाही, इतर हक्कांचा रकाना साफ. जमिनीवर कोणाचं कर्ज आहे हे आपल्याकडे गावकामगार तलाठ्यापासून सगळ्यांना कळतं. जमिनीत काय पुरलंय, त्याला रकानाच नाही!

पंचगंगेला फेस आला, मासे मेले की आपण पेटून उठतो. उठायलाच हवं. पण पाणी निदान दिसतं, वास मारतं, पुढे वाहत जाऊन बोंब मारतं. माती गप्प बसते. वरून पेव्हर ब्लॉक टाकले की विषय संपला.

कोल्हापुरात याचं सगळ्यात मोठं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. शाहू महाराजांनी १९०६ साली सुरू केलेली शाहू मिल २००३ साली बंद पडली. तिथे महाराजांचं स्मारक व्हावं अशी योजना आहे, आणि ते व्हायलाच पाहिजे. मिलच्या जमिनीत विष आहे असा माझा दावा अजिबात नाही. पण जवळजवळ शंभर वर्षं चाललेल्या कुठल्याही गिरणीत बॉयलरची राख, भट्टीचं तेल, मशिनचं वंगण, ट्रान्स्फॉर्मरचं तेल आणि रंगखाता असेल तर तिथली रसायनं, एवढ्या गोष्टी विचारायच्याच असतात. जिथे उद्या शाळेच्या सहली येणार, तिथली माती आधी तपासून घ्यायला काय हरकत आहे?

आणि तपासणी म्हणजे रॉकेट सायन्स नाही. आमच्या धंद्यात बग शोधताना आधी लॉग वाचतात, मग कोडला हात लावतात. इथेही तसंच. आधी जुने नकाशे, परवाने, टाक्या कुठे होत्या, ड्रम कुठे रचायचे, नाली कुठे उतरायची. त्यानंतर त्या त्या ठिकाणी वेगवेगळ्या खोलीवर बोअर मारून नमुने, भूजलाचे नमुने, प्रयोगशाळा. पहिल्या टप्प्यातला सगळ्यात चांगला नकाशा कागदावर नसतोच, तो म्हाताऱ्या कामगारांच्या डोक्यात असतो. मामांनी एक ढेकूळ चुरडून जे सांगितलं, ते कुठल्याच फायलीत नाही. आणि ही माणसं आता थकत चाललीत, हे खरं दुखणं आहे.

अमेरिकेतल्या लव्ह कॅनॉलची गोष्ट ऐकली असेल. हूकर केमिकल कंपनीने तिथे सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला आणि १९५३ साली ती जागा शाळा मंडळाला एका डॉलरला विकली. खरेदीखतात चक्क लिहिलं होतं की खाली रसायनं आहेत! तरी शाळा झाली, आजूबाजूला घरं झाली. १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर करून लोकांना हलवावं लागलं. खतातली ती ओळ घरं घेणाऱ्यांपर्यंत पोचलीच नव्हती.

आपल्याकडे केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये दूषित जागांसाठी नियम काढले. जिल्हा पातळीवरून दर सहा महिन्यांनी संशयित जागांची यादी, ९० दिवसांत प्राथमिक तपासणी वगैरे. चांगलंच आहे. पण सफाई कधी पुरी करायची याला मुदत नाही. आणि यादी कुठल्यातरी पोर्टलवर राहिली, तर प्लॉट घेणारे मामा ती कधी उघडणार?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. तपासणीचा निकाल सातबारावर आणि शहरात मिळकत पत्रिकेवर चढवा. साफ निघाली तर 'साफ' लिहा, नाहीतर काय आणि किती खोल ते लिहा. एमआयडीसीचे प्लॉट ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने जातात, तिथे हस्तांतराच्या वेळी हाच कागद मागा. भाव पडतील, अशी ओरड होईल. होऊ दे. बँकेचा बोजा लिहिल्यानेही भाव पडतोच की, म्हणून आपण तो लपवतो का? फाउंड्र्या बंद करा असंही मी म्हणत नाही. त्याच भट्टीच्या पगारावर मामांच्या घरची चूल तीस वर्षं पेटली.

असो. टाकीचं काम सध्या थांबलंय. वाळूचे दोन नमुने पिशवीत भरून मी पुण्याला आणलेत, सोमवारी प्रयोगशाळेत देईन. मामांनी निघताना विचारलं, "वाईट निघालं तर काय करायचं रं?" मला उत्तर सुचलं नाही. पण हा प्रश्न प्लॉट घ्यायच्या आधी विचारता यायला हवा होता, एवढं नक्की.