विमान उतरले, पण बाजार कोणाचा?

जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान लक्षद्वीपला गेले, त्यावरून मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी नको ते लिहिले व निलंबन ओढवून घेतले, आणि आपल्याकडे घरोघर या बेटांचे नाव पोहोचले. मार्चमध्ये गोव्याहून व बंगळूरहून अगत्ती बेटाला नवी विमाने सुरू झाली. अगत्तीची धावपट्टी १९८८ पासूनची, पण जेमतेम बाराशे मीटरची, त्यामुळे लहान विमानेच उतरतात. त्याआधी वर्षानुवर्षे कोचीहून मोजकी विमाने, नाहीतर रात्रभराचे जहाज.

पिंगळीत बसून समुद्रातल्या बेटांची चिंता कशाला, असे कोणी म्हणेल. ती वस्ती कोणाची ते पाहावे. छत्तीस बेटे, माणसे फक्त दहा बेटांवर, सगळी मिळून जमीन बत्तीस चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे चौसष्ट हजार, त्यात शेकडा शहाण्णव मुसलमान. कामधंदा म्हणजे टूना मासळी, नारळ, आणि नारळाच्या सोडणापासून काथ्या वळणे. म्हणजे आपल्यासारखेच हातावर पोट असलेले कारागीर आणि छोटे व्यापारी.

या लोकांनी एकाच गिऱ्हाइकाचा जाच पिढ्यान्‌पिढ्या सोसला आहे. कण्णूरच्या अरक्कल घराण्याने अठराव्या शतकात काथ्याचा मक्ता स्वतःकडे घेतला. बेटावरच्या माणसाने काथ्या त्यांनाच द्यायचा, भाव तेच ठरवणार, आणि मोबदल्यात बहुतांशी तांदूळ. मालक मुसलमान होता म्हणून भाव वाढला नाही, हे आम्ही मुद्दाम लिहितो. अमिनी व तिच्या बाजूची बेटे १७८७ मध्ये टिपू सुलतानाकडे गेली, त्यामागे हाच राग होता. पुढे इंग्रज आले, त्यांनीही मक्ता सोडला नाही. दार एकच असले की दारावर बसलेला भाव ठरवतो. कापडाच्या धंद्यात आम्हाला हे कोणी शिकवावे लागत नाही.

आता पर्यटनाचे दारही तसेच एकच होऊ नये, एवढेच आमचे म्हणणे. जानेवारी २०२३ मध्ये टाटांच्या हॉटेल कंपनीने सुहेली व कदमत येथे ताजचे दोन रिसॉर्ट जाहीर केले. सुहेलीवर तर वस्तीच नाही. विमानतळावरून रिसॉर्टची होडी पाहुण्याला उचलणार, जेवण तिथले, दुकान तिथले, परतीची होडीही तिथलीच. गावातला नारळाचा गूळ किंवा सुकवलेला टूना त्या पाहुण्याच्या नजरेस पडणार कसा? बाजारात पोहोचण्याआधीच काफिल्याला वाटेत गाठून माल घेऊ नये, अशी मनाई हदीसमध्ये आहे. तिथे गाठला जाई तो विकणारा, इथे घेणारा. पण बाजार चुकवला की भाव कळत नाही, हे दोन्हीकडे सारखेच.

मालदीव हे शंभर टक्के मुस्लिम राष्ट्र. तिथे पहिले रिसॉर्ट १९७२ मध्ये निघाले. एक बेट, एक रिसॉर्ट अशी पद्धत होती, आणि वस्तीच्या बेटांवर पाहुणा ठेवायला बंदी. गेल्या दशकाच्या सुरुवातीपासून ती सैल झाली, गेस्टहाऊस निघाली, आणि माफुशीसारख्या गावात खोल्या, होड्या, खाणावळी गावकऱ्यांच्या हाती आल्या. नियम बदलला म्हणून हे झाले, समुद्र तोच होता.

पर्यटक आला की कारागीर तरतो, हा समज मराठवाड्याने तरी ठेवू नये. अजिंठा-वेरूळ पाहायला जग येते, विमानतळ आहे, १९८३ पासून जागतिक वारशाचा शिक्का आहे. तरी हातमागावर हिमरू विणणारी घरे बोटांवर मोजण्याइतकी उरली. हिमरूच्या नावाने विकले जाते ते बहुतेक यंत्रमागाचे, आणि गिऱ्हाईक कोणत्या दुकानात शिरणार हे पुष्कळदा गाडीचा ड्रायव्हर ठरवतो. विणकराला दुकान नाही, म्हणून भावही नाही.

आणि विमानाचाही फार भरवसा धरू नये. नांदेड-हैदराबाद विमानाला २७ एप्रिल २०१७ रोजी थेट पंतप्रधानांनी झेंडा दाखवला. उडान योजनेत सरकार तोटा भरून देते, पण तीनच वर्षे. पुढे ती कंपनीच बंद पडली, आणि नांदेडहून पुन्हा विमान उडायला मार्च २०२४ ची अखेर उजाडली. त्या भरवशावर कोणी कर्ज काढून लॉज बांधला असता तर मधल्या काळात हप्ते कशातून भरले असते?

बेटवाल्यांना विकास नको, असे २०२१ मध्ये काही वर्तमानपत्रांतून वाचले. हे खरे नाही. त्यांचा विरोध विकास प्राधिकरणाच्या मसुद्याला होता, ज्यात योजनेच्या नावाखाली जमीन घेण्याचे अधिकार होते. केरळ विधानसभेने एकमताने त्यांच्या बाजूने ठराव केला. आज बाहेरच्या माणसाला तिथे जमीन विकत घेता येत नाही, हीच त्यांची खरी पुंजी. तिचा लांब मुदतीचा भाडेपट्टा एकरकमी पैशाला करून देण्यापेक्षा, कमी मिळाले तरी, दरसालच्या उत्पन्नात हिस्सा मागावा. आणि अगत्तीच्या विमानतळाला लागून काही गाळे बेटावरच्या कारागिरांसाठी राखून ठेवावेत. ही मागणी पुढची विमाने येण्याआधी झाली पाहिजे, कारण एकदा जागा वाटल्या गेल्या की आमच्या परभणीच्या बाजारातसुद्धा कोणी कोणाला गाळा सोडत नाही.