देवाण कुठे आहे?

धर्माभ्यास विभागांतील चर्चासत्राचा थाट आता ठरून गेला आहे. वीस मिनिटे निबंधवाचन, दहा मिनिटे प्रश्न, मग चहा. विषय जेजुरीचा खंडोबा असो वा पंढरीचा विठ्ठल, निबंध बहुधा इंग्रजीत. आणि श्रोते म्हणजे पुढच्या सत्रात निबंध वाचणारेच. याला संशोधनाची देवाणघेवाण म्हणतात. घेवाण होते हे आम्हांस मान्य आहे. देवाण कुठे आहे?

ग्युंटर सोन्थायमर हायडेलबर्गहून येऊन धनगरांबरोबर हिंडले, त्यांच्या ओव्या त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांवरचा त्यांचा ग्रंथ १९७६ साली जर्मन भाषेत निघाला, १९८९ साली इंग्रजीत आला. त्या परिश्रमांपुढे आम्ही नम्रच आहोत. पण ज्यांच्या कंठातून ती सामग्री आली, त्यांना निष्कर्ष कळावेत ही जबाबदारी विद्याक्षेत्राने कधी आपली मानली काय?

मराठीत परिभाषा नाही, ही सबब आता पुरे. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ १९८४ साली मराठीतच लिहिला. अॅन फेल्डहाउस यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २०११ साली आला. सत्तावीस वर्षे इंग्रजी थांबली होती. मराठीचे काही अडले नव्हते.

दुसरी सबब भीतीची. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील ग्रंथाचे निमित्त करून जानेवारी २००४ मध्ये पुण्यात भांडारकर संस्थेवर हल्ला झाला. त्याचे समर्थन कोणत्याही कारणाने होऊ शकत नाही. मात्र त्यावरून ‘दारे लावून बोलावे’ असा धडा घेणारे चुकतात. जो ग्रंथ लोकांनी वाचलेलाच नसतो, त्याविषयी काहीही पसरवता येते. बंद दार संशोधकाचे रक्षण करीत नाही. ते अफवेचे काम सोपे करते.

आमची मागणी माफक आहे. प्रत्येक व्याख्यानाचा दोन पानी मराठी सारांश निघावा. ध्वनिमुद्रणाची प्रत गाणाऱ्याच्या घरी पोचावी. वर्षातून एक व्याख्यान जेजुरीत वा पंढरपुरात, वाघ्या-मुरळी आणि कीर्तनकार यांच्यासमोर, मराठीत व्हावे, आणि त्यांचे आक्षेप निबंधात नोंदले जावेत.

तिथला पहिला प्रश्न सभागृहातल्या कोणत्याही प्रश्नाहून अवघड असेल. विद्वज्जनांना खरी भीती त्याचीच तर वाटत नाही ना?