त्या मुलीने हे पान उघडलं तर?

परवा संध्याकाळी नात लॅपटॉप घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली. "आजी, जरा शुद्धलेखन बघून दे ना." शुद्धलेखन म्हटल्यावर मी कशाला नाही म्हणते? उभा जन्म लाल पेनाने तेच तर केलं!

तिच्या कॉलेजच्या मुलांनी पाच किलोमीटरची धाव ठरवली आहे. प्रवेशशुल्क तीनशे रुपये. त्यातून पेठ तालुक्यातल्या एका आश्रमशाळेच्या मुलामुलींना पळायचे बूट घेऊन द्यायचे. कल्पना नाशिकला नवीन नाही. बॉशच्या (आमच्या पिढीच्या तोंडी अजून मायकोच) पुढाकाराने २००३ साली 'नाशिक रन' सुरू झाली, तेव्हापासून चांगल्या कामासाठी पळणं आपल्या गावाला ठाऊक आहे. पण इथे सगळं पोरंच करताहेत, अगदी वेबसाइटसुद्धा. मला कौतुक वाटलं.

पान उघडलं. स्क्रीनभर एकच फोटो. आठ-नऊ वर्षांची मुलगी, अनवाणी, पायांना धूळ, केस विस्कटलेले, डोळे कॅमेऱ्याकडे. त्यावर ठळक अक्षरांत 'रन फॉर हर', तेही इंग्रजीत. शेजारी सेकंद मोजणारं घड्याळ, आणि खाली पांढऱ्यावर पिवळ्या रंगात मजकूर. चष्मा पुसून पाहिला तरी तो दिसेना. शुद्धलेखनाच्या चुका एकही सापडल्या नाहीत, कारण पानावर मराठी शब्दच नव्हता!

"अगं, मी तपासू काय यात?"

"मराठी पान वेगळं आहे आजी. अगदी तळाशी लिंक दिलीये."

"बरं. आणि ही मुलगी कोण?"

"आम्ही आश्रमशाळेत गेलो होतो ना, तेव्हा काढलाय फोटो."

"नाव काय तिचं?"

नात गप्प झाली. तिला नाव माहीत नव्हतं.

मंडळी, मला तिला रागवायचं नव्हतं. रागवण्याचा अधिकारही मला नव्हता, आणि त्याचं कारण आज पहिल्यांदाच लिहिते आहे.

चाळीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शाळेत स्वातंत्र्यदिनाला 'गरीब व होतकरू' विद्यार्थ्यांना गणवेश वाटायची पद्धत होती. नावं पुकारायचं काम माझ्याकडे होतं. माझ्या वर्गातला एक मुलगा, गणितात पहिला येणारा, त्याचं नाव मी माइकवर मोठ्या उत्साहाने पुकारलं. तो आला, गणवेश घेतला, पाहुण्यांबरोबर फोटो झाला. टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर तो शाळेत आला नाही. आला तो जुन्याच शर्टात. तो नवा गणवेश त्याच्या अंगावर मी कधीच पाहिला नाही. त्याने मला काही बोलून दाखवलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

त्या दिवशी सगळ्यांचा हेतू चांगलाच होता. पण तो कार्यक्रम आम्ही देणाऱ्यांच्या बाजूने आखला होता. पाहुणे कुठे बसतील, फोटो कुठून निघेल, याचा विचार झाला. घेणाऱ्या मुलाला काय वाटेल, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

म्हणून माझं मत असं, की अशा वेबसाइटवरची प्रत्येक गोष्ट ठरवताना मुलांनी एकच प्रश्न विचारावा: ज्या मुलीला बूट मिळणार, तिने हे पान उघडलं तर?

फोटोचंच बघा. माझ्या स्टेजवरचा प्रसंग दहा मिनिटांत संपला. इंटरनेटवरचा फोटो ती मुलगी वीस वर्षांची होईल, नोकरीला लागेल, तेव्हाही कुठे ना कुठे असेल. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानेही अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती महत्त्वाची मानली आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी विचारायला तर हवंच ना?

नात म्हणाली, "पण आजी, टेरी फॉक्सचाही फोटो सगळीकडे असतोच की."

खरं आहे. कॅनडातला हा कॉलेजचा विद्यार्थी. हाडाच्या कर्करोगात उजवा पाय गेला. १९८० साली, एकविसाव्या वर्षी, कृत्रिम पायावर तो कर्करोग संशोधनाच्या निधीसाठी देश ओलांडायला निघाला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर पळाला, आणि रोग फुप्फुसांत पसरल्यावर थांबला. त्याचा तो अर्ध्या चड्डीतला, कृत्रिम पाय दिसणारा फोटो जगाने पाहिला. पण तो पाय दाखवायचा की झाकायचा हे त्याने स्वतः ठरवलं होतं. आणि फोटोत तो पळतो आहे, हात पसरून उभा नाही.

आपल्या जिल्ह्यातली सावरपाड्याची कविता राऊत घ्या. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्य, त्याच वर्षी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत रौप्य. आपण तिला 'सावरपाडा एक्स्प्रेस' म्हणतो. तिचा फोटो आठवा म्हटलं की आपल्याला पळणारी कविताच आठवते. आश्रमशाळेतल्या त्या मुलीलाही कुणीतरी तसंच आठवावं, असं मला वाटतं.

बाकीच्या गोष्टीही त्याच प्रश्नाने सुटत गेल्या. तिने पान उघडलं तर तिला वाचता यायला हवं, म्हणून मराठी तळाशी नको, आधी हवं. मराठी अक्षरांऐवजी चौकोन दिसायचे तो काळ आता गेला. आपल्या कवी र. कृ. जोशींनी विंडोजसाठी 'मंगल' टंक घडवला त्यालाही बरीच वर्षं झाली. पिवळा रंगही गेला. नातीनेच शोधून सांगितलं, की साध्या मजकुरात अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं प्रमाण किमान ४.५ ला १ असावं असा जगभर मानला जाणारा दंडक आहे. म्हणजे माझ्या डोळ्यांचा दोष नव्हता तर! पाड्यावर रेंज एखाद्या दांडीची असते, तेव्हा ते जड घड्याळ आणि भलामोठा फोटो उतरायला किती वेळ लागेल? घड्याळाच्या जागी तारीख, वेळ आणि ठिकाण लिहिलं. पुरे झालं.

राहिला हिशेब. तीनशे रुपयांतले बुटांचे किती, टी-शर्टचे किती, पाण्याचे किती? हे पहिल्याच पानावर हवं, आणि धाव झाल्यावर खर्च आणि पावत्याही तिथेच लागायला हव्यात. मुंबई मॅरेथॉनच्या निधीचं काम पाहणारी युनायटेड वे मुंबई ही संस्था कुणी कुणासाठी किती रक्कम जमवली याची माहिती छापते. मोठ्यांना जमतं ते आपल्या शंभर-दोनशे जणांच्या धावेलाही जमावं. आपल्या नावावर किती जमले आणि त्यातले आपल्यापर्यंत किती पोचले, हे त्या मुलीला कळायला हवं.

मुलांच्या मीटिंगमध्ये यावर बराच वाद झाला म्हणे. एकाने स्पष्टच सांगितलं, "तो फोटो काढला तर पैसे कमी येतील." त्याचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. कळवळा आला की हात खिशात जातो, हे मीही पाहिलंय. कदाचित चाळीस जोड्यांऐवजी तीसच येतील. दहा मुलं अनवाणी राहतील, हा काही लहान तोटा नाही. त्यासाठी पोरांनी आणखी चार दुकानं फिरावीत, आणखी चार काका-मामांना फोन करावेत. मीही माझ्या पेन्शनमधून दोन जोड्या देणार आहे. पण ते दहा जोड त्या मुलीच्या चेहऱ्यावर उभे करू नयेत.

शेवटी फोटो बदलला. आता तिथे गोल्फ क्लब मैदानावर सकाळी सराव करणारी ही कॉलेजची पोरंच आहेत, घामाघूम, एक जण तर चक्क वाकून धापा टाकतोय. मराठी मजकूर मी तपासला. सात चुका निघाल्या. 'शुल्क' ऐवजी 'शूल्क' लिहिलं होतं, तीन ठिकाणी!

आणि हो, पुढच्या रविवारी पोरं पुन्हा आश्रमशाळेत जाणार आहेत, पायांची मापं घ्यायला. नातीला सांगितलंय, त्या मुलीचं नाव विचारून ये. वेबसाइटसाठी नको, फक्त आपल्याला माहीत असावं म्हणून.