काकांचे वाचन

काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. आमच्या काकांचे तसे झाले, तेव्हा घरात औषधपाण्यास काही उणे पडले नाही. पण ज्यांचा दिवस पुस्तकावाचून मावळत नसे, त्यांच्या वाचनाचे काय, हे दोन वर्षे कोणास सुचले नाही. मलाही नाही!

अशा घरांनी प्रथम शासकीय रुग्णालयातून दाखला मिळवून ‘यूडीआयडी’ ओळखपत्र करून घ्यावे. पुढील सवलतींस तेच लागते. उतारवयात ब्रेल बोटांस सहसा साधत नाही; ध्वनिमुद्रित पुस्तके मात्र ऐकता येतात. अहमदाबादेस वस्त्रापूरच्या अंधजन मंडळात अशी गुजराती पुस्तके आहेत (बडोदेकरांस गुजराती परकी का आहे?), आणि २०१६ साली सुरू झालेल्या ‘सुगम्य पुस्तकालया’चे विनामूल्य सभासद झाल्यास मराठीही घरबसल्या मिळतात.

काका आता रोज ऐकतात. वाचणाऱ्याचा उच्चार चुकला, की हात वर करून त्यास थांबवू पाहतात.